कसर

कपाटाच्या खालच्या फळीवर कुंकू सांडलंय असंच मला वाटलं. आश्विन लागला होता, पाऊस एकदाचा आटोपला होता, आणि ठाण्याला ऑक्टोबरात असते तशी घामट, चिकट दुपार होती. आईचं सागवानी कपाट तिच्यामागे साताऱ्याहून माझ्याकडे आलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली. आलं, भिंतीला लागलं, मी किल्ली फिरवली आणि किल्ली शिवणाच्या डब्यात टाकून दिली. उघडायचं उघडायचं म्हणत तीन दिवाळ्या गेल्या. आता उघडलं तर फळीवर हे लाल. आईचा करंडा उलटला असेल म्हणून बोट टेकवलं. कुंकू असतं तर बोट माखलं असतं. हे माखलं नाही. चार दाणे तेवढे बोटाला चिकटले. खसखशीहून बारीक, गोलसर, कोरडे. चिमटीत चुरडले तर रव्यासारखे कुरकुरले. रंग मात्र ओळखीचा वाटला. कुंकवाचा नव्हे, जरा काळपट, मरून. मान वर केली तर वरच्या फळीवरून बाबांच्या स्वेटरची बाही लोंबत होती.

तो स्वेटर आईने विणला होता, १९७६ च्या हिवाळ्यात, बाबांची बदली नाशिकला झाली तेव्हा. कडेला दोन सुलट दोन उलट, छातीवर तीन वेण्या. बाबांनी तो इतका वापरला की दहा वर्षांत दोन्ही कोपरं गेली. आईने कोपरांना गोल ठिगळं विणून लावली, पण तोवर गावातल्या दुकानात खरी लोकर मिळेनाशी झाली होती. सगळीकडे कॅशमिलॉन. रंग जुळता जुळला नाही. ठिगळं किंचित गुलाबीकडे झुकणारी निघाली आणि बाबा पुढची सत्तावीस वर्षं ती मिरवत हिंडले.

स्वेटर उचलला तर हातात चाळण आली. गळा गेलेला, काखेपाशी मूठ जाईल एवढं भगदाड, छातीवरच्या मधल्या वेणीचा एकच पेड शिल्लक. भोकांच्या कडेने कोळिष्टकासारखे पांढरट पापुद्रे आणि बोटाच्या पेराएवढ्या रेशमी नळ्या. आणि या सगळ्या पडझडीत कोपरांवरची दोन गोल ठिगळं मात्र जशीच्या तशी. एक टाका सुटला नव्हता. त्यांना कुणी तोंडही लावलं नव्हतं.

"कसर लागली," मी स्वतःशीच म्हटलं, आईच्या आवाजात.

आईकडे या सगळ्या प्रकरणाला एवढा एकच शब्द होता. पुस्तकाला लागते ती कसर, शालीला लागते ती कसर, शालूला लागते तीही कसर. मराठीने या एका शब्दावर भार तरी किती टाकलाय! हिशेबात तूट आली की कसर, अंगात बारीक ताप रेंगाळला की कसर, अपुरं राहिलेलं नंतर भरून काढायचं तीही कसरच. सगळीकडे अर्थ एकच, काहीतरी थोडं थोडं कमी होतंय आणि कोण कमी करतंय ते दिसत नाही. शब्द सुंदर आहे, पण गुन्हेगार शोधायला कुचकामी. गावात चोरी झाल्यावर फौजदाराने वहीत 'चोराने केली' एवढंच लिहावं, तसं.

मी मात्र त्या दिवशी भराभर आरोपी ठरवून मोकळी झाले. पहिला संशय स्वयंपाकघरातल्या पाखरांवर. भाद्रपदात तांदळाच्या डब्यातून निघाली होती, ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालत होती. दुसरा संशय न्हाणीघराच्या भिंतीवर लोंबणाऱ्या त्या राखाडी, चपट्या, भोपळ्याच्या बीसारख्या पिशव्यांवर. मुंबई-ठाण्याच्या दमट घरांतून राहणाऱ्या कुणालाही त्या माहीत असतात, नाव मात्र कुणालाच माहीत नसतं. बघत बसलं तर पिशवीच्या टोकातून एक इवलंसं तपकिरी डोकं बाहेर येतं, भिंतीला धरून पिशवी पुढे ओढतं, आणि चाहूल लागली की आत. गंमत म्हणजे पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते. आतली अळी आतल्या आत वळते आणि पुढचं दार मागे, मागचं पुढे. मी झाडू घेऊन त्या रात्री सतरा पिशव्या खाली पाडल्या. सूड घेतल्याचं समाधानही मिळालं.

रविवारी माझी एक मैत्रीण आली. ती संग्रहालयांतली जुनी कापडं जपण्याचं काम करते. तिने पर्समधून भिंग काढलं, बॅटरी काढली, पांढरा कागद मागितला आणि माझी तक्रार ऐकून घेऊन म्हणाली, "अगं, तू निरपराध जिवांना फासावर दिलंस."

भिंतीवरची ती पिशवीवाली, म्हणे, कोळ्यांची जुनी जाळी खाते. त्याच जळमटाला धूळ, वाळूचे कण, केस, सुताचे धागे चिकटवून आपली पिशवी बांधते. भिंतीवर ती फार झाली तर अर्थ एवढाच की घरात जाळी फार झालीत. कधी केस, कधी लोकरही खाते, साधूसंत नव्हे. पण बाबांच्या स्वेटरशी तिचा संबंध नव्हता. आणि तांदळातली पाखरं? त्यांचे पंख मिटलेले पाहा म्हणाली, वरचा अर्धा भाग फिकट राखी, खालचा तांब्यासारखा. ती धान्याची, सुक्यामेव्याची गिऱ्हाइकं. लोकरीला हुंगणारसुद्धा नाहीत. शिवाय दिव्याभोवती नाचणारं पाखरू म्हणजे कपडे खाणारं नव्हे, ही पहिली खूण. कपड्यांवरची पाकोळी उजेडाला घाबरते. कपाट उघडलं की ती उडत नाही, घडीत पळते. पंख मिटून बसली की जेमतेम पाऊण सेंटीमीटर, वाळल्या गवताच्या रंगाची, जरा सोनेरी चमक असलेली. हाताला लागली तर सोनेरी पूड मागे राहते.

"आणि खाते ती नाहीच," मैत्रीण म्हणाली. "तिला खायला तोंडच नसतं."

हे ऐकून मी थबकले. पंख फुटल्यावर या पाकोळीला खाता येत नाही. जन्मभराचं खाणं अळी असतानाच होऊन गेलेलं. त्या शिदोरीवर ती काही दिवस जगते, जोडीदार शोधते, लोकरीच्या धाग्यांत चाळीस-पन्नास अंडी घालते आणि मरते. आपण टाळी वाजवून जिला मारतो, तिच्याकडून नुकसान व्हायचं ते आधीच झालेलं असतं. खाणारी आत असते. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, वाढून वाढून सेंटीमीटरभर. ती स्वतःभोवती रेशमाची नळी विणते आणि नळीच्या आडोशाला बसून चरते. उबेत आणि भरपूर खाणं मिळालं तर दोन-तीन महिन्यांत आटपते, नाही तर वर्ष-दोन वर्षं तशीच काढते. तिची घाई नसते कधी. हिचीच एक बहीण असते, तीही लोकरखाऊ. ती नळी एका जागी न ठेवता अंगावर घेऊन हिंडते, आणि नळी विणते ती खाल्लेल्या कापडाच्याच धाग्यांनी. निळी शाल खाल्ली तर निळी झूल.

मग मैत्रिणीने ते लाल दाणे कागदावर घेतले, भिंग माझ्या हातात दिलं. "लेंड्या," ती म्हणाली.

अळी लोकर पचवते, रंग पचवत नाही. रंग तसाच बाहेर पडतो. मरून लोकर खाल्ली तर मरून लेंड्या, हिरवी खाल्ली तर हिरव्या. म्हणून कपाटाच्या तळाला अशी रंगीत रेती दिसली की वरच्या कुठल्या कपड्याला लागलंय हे घड्या न उलगडताही सांगता येतं. मी ज्याला कुंकू समजले होते तो बाबांचा स्वेटरच होता, एका बारीक पोटातून जाऊन आलेला.

लोकर पचवणं ही साधी गोष्ट नाही, हे मला त्या दिवशी कळलं. लोकर, केस, नखं, पिसं, शिंगं हे सगळं एकाच द्रव्याचं, केराटिनचं. त्यातले धागे गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांशी असे शिवलेले असतात की बहुतेक प्राण्यांच्या पोटाला ते उसवत नाहीत. मांजर केस गिळतं आणि गोळा करून ओकतं. या अळीच्या पोटात मात्र सोड्यासारखी तीव्र अल्कली असते. त्यात तो टाका आधी उसवतो, मग धागा विरघळतो. हे ऐकताना मला आईची बादली आठवली. लोकरीच्या कपड्याला ती धुण्याच्या सोड्याचा वाराही लागू द्यायची नाही. "सोडा लोकर खातो," म्हणायची. आदल्या रात्री रिठे भिजत घालायची, सकाळी त्यांचा फेस काढायची आणि कोमट पाण्यात स्वेटर नुसता दाबून दाबून धुवायची, पिळायची नाही. सोडा लोकर खातो हे तिला ठाऊक होतं. पोटात सोडा घेऊन हिंडणारं कुणी असतं हे तेवढं ठाऊक नव्हतं.

स्वेटरचा निकाल लागला, तशी मैत्रीण म्हणाली, आता सगळंच काढ. काढलं. आणि एकाच कपाटात तीन वेगवेगळ्या पंगती बसल्या होत्या असं निघालं.

आजीची पैठणी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली होती. वांगी रंगाची, नारळी काठाची. पदराची जमीन जरीची आणि तिच्यावर रेशमाने भरलेली आसावलीची वेल, जुन्या पैठणीत असते तशी. फडकं सोडलं तेव्हा वेलीची दोन पानं जागेवर नव्हती. तिथे आरपार पोकळी, आणि पोकळीच्या कडेला जरीचे तंतू, धरून ठेवायला काही न उरल्यामुळे, सैल लोंबत होते. जर कुणी खाल्ली नव्हती. सोन्याचा मुलामा आणि चांदी त्यांच्या कामाची नाही, रेशीम कामाचं. आता एका पाकोळीच्या अळीने सोडलेलं रेशीम दुसऱ्या कुणाच्या अळीने खावं यात तसं अन्याय म्हणण्याजोगं काही नाही, पण पदर माझ्या आजीचा होता.

इथे जाळं नव्हतं, नळ्या नव्हत्या, रंगीत रेती नव्हती. भोकं स्वच्छ, वेडीवाकडी. फडक्याच्या घडीत फिकट तपकिरी, केसाळ कोंडा होता. फुंकर मारली तर उडून जाईल असा. भिंगाखाली तो कोंडा एकेक पोकळ अंगरखा निघाला. अळीने वाढता वाढता टाकलेली कात. ही अळी भुंगेऱ्याची, तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगभर राठ केस, शेपटाकडे केसांचे झुबके. ते केस कातडीला लागून काहींना पुरळ उठतं, आणि मग घरात ढेकूण झाले म्हणून गाद्या उन्हात जातात. मोठा झालेला भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर, पाठीवर पांढरे-पिवळे-तपकिरी ठिपके, अगदी गोजिरवाणा. मैत्रिणीने मला बाल्कनीत नेलं. बी धरायला म्हणून मी एक कोथिंबिरीची कुंडी तशीच सोडली होती, तिला पांढरी छत्रीसारखी फुलं आली होती. त्यांत तिने बोट दाखवलं. तीन ठिपकेदार टिकल्या फुलांत तोंड घालून बसल्या होत्या. हे महाशय मोठेपणी परागकण खातात. दृष्ट काढावी असे. यांची पोरं पैठणी खातात.

"पण आत येतात कुठून?" मी विचारलं. तिने काही न बोलता एसीच्या बाहेरच्या खोक्याकडे पाहिलं. खोक्यामागे कबुतराचं घरटं. घरटं कसलं, काड्या, पिसं, विष्ठा आणि एक वाळून चामडं झालेलं पिल्लू. पिसं म्हणजे केराटिन. मेलेलं पाखरू, मेलेले किडे, उंदराच्या बिळातले केस, सोफ्याखाली साठलेला मांजराच्या केसांचा गोळा, या सगळ्यावर ही केसाळ अळी पिढ्यान्‌पिढ्या वाढते, आणि तिथलं संपलं किंवा नुसतं शेजारीच असलं की कपाटाकडे वळते. आई शेवटचं वर्षभर माझ्याकडे होती तेव्हा त्या कबुतरांना मूठभर ज्वारी टाकायची. ती गेल्यावर त्यांना हुसकायला माझा हात धजावला नाही. पैठणी आत, आणि तिला खाणाऱ्यांचं पाळणाघर बाहेर, मध्ये फक्त नऊ इंची भिंत.

तिसरी पंगत आईच्या इरकलीवर. ही सुती. पाकोळी किंवा भुंगेऱ्याच्या अळीला स्वच्छ सुतात रस नसतो, तरी इरकलीचा एक पट्टा विरविरीत झाला होता. भोक नाही, उजेडापुढे धरला तर कुणी वरवर खरवडल्यासारखा पातळ, आणि मधे मधे पिवळसर डाग. फळीवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राच्या कडाही तशाच कुरतडलेल्या. कागद उचलला तर एक चंदेरी, माशाच्या आकाराचं, तीन शेपट्यांचं काहीतरी वळवळत फटीत शिरलं. पुस्तकं चाळणाऱ्यांना हा प्राणी चांगला ठाऊक असतो. त्याला पिष्ट लागतं, पिष्ट आणि दमटपणा. बांधणीचा डिंक, भिंतीच्या कागदाची चिकी, कपड्याची खळ. पंख त्याला कधी फुटतच नाहीत. लहानपणी जसा दिसतो तसाच म्हातारपणी दिसतो, मोठा झाला तरी कात टाकत राहतो आणि सहज काही वर्षं जगतो. खायला नसलं तर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो.

आई ठेवणीत टाकायचं लुगडं खळ काढून, साध्या पाण्यातून खळबळून मगच ठेवायची. ही इरकल मात्र लाँड्रीतून खळ-इस्त्री होऊन आली होती, तिच्या शेवटच्या आजारपणात, कुठल्याशा मुंजीला नेसायची म्हणून. मुंजीला ती गेली नाही. कपाट आल्यावर मीच ती कडक घडी तशीच आत सरकवली.

त्या दुपारी एकेक कपडा कागदावर ठेवताना मला हे असं एकेक आठवत गेलं. डांबरगोळ्यांचीही गंमत. आईने फडक्याच्या पुरचुंड्या करून प्रत्येक कोपऱ्यात ठेवल्या होत्या. गाठी शाबूत होत्या. सोडल्या तर आत काहीच नाही. पाणी नाही, पूड नाही, डागसुद्धा नाही. नॅफ्थलीन कपाटात वितळत नाही, थेट हवा होऊन जातं. लहानपणी ट्रंक उघडल्यावर जो वास यायचा आणि ज्याला मी दिवाळीचा वास समजायची, तो गोळीचं आयुष्य संपत चालल्याचा वास होता. त्या वाफेने अळी मरते, पण घट्ट बंद पेटीत, वाफ कोंडून राहिली तर. रोज उघडमीट होणाऱ्या, फटी असलेल्या कपाटात दोन गोळ्या टाकणं म्हणजे नुसता धाक. आणि तो धाकही माणसाला महाग पडतो. आमच्याकडे नातवंड झालं की आजीच्या ट्रंकेतून जुनी झबली, कुंच्या, दुपटी निघतात, वर्षानुवर्षं डांबरगोळीत मुरलेली, आणि ती तशीच बाळाच्या अंगावर जातात. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ चढते. बाळंतविडा बांधताना हे कुणी सांगत नाही. आमच्या घरात तर ट्रंकेचा वास हाच मुळी शकुन मानला जायचा.

आईच्याही आईकडे गोळ्या नव्हत्या. कडुनिंबाचा वाळला पाला, वेखंडाचे तुकडे, चार लवंगा. तंजावरला सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांमध्ये जी पुरचुंडी ठेवतात तिच्यातही हेच सगेसोयरे: वेखंड, काळं जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर. कावेरीकाठच्या दमट हवेत मराठी बाडं राखायची तर काहीतरी करणं भागच होतं. मैत्रीण याला हसली नाही. वासाने येणारी पाकोळी बिचकते, म्हणाली. पण आत अंडी असतील तर त्यांना वेखंडाचं काय? तिच्या मते आजीच्या पद्धतीतलं खरं औषध पुरचुंडीत नव्हतंच. पाला वाळला की बदलायला लागायचा, आणि तो बदलायला म्हणून ट्रंक उपसली जायची.

साताऱ्याच्या घरी दसरा झाला की गच्चीवर दोन दिवस आईचं राज्य असायचं. चटया, त्यांवर जुन्या सोलापुरी चादरी, त्यांवर शाली, बंद्या, कोट, मफलर. लोकरीचं सगळं भर उन्हात, उलटसुलट. रेशमी मात्र सावलीत, वर पांढरे पंचे पांघरून, कारण ऊन रेशमाचा रंग पितं. आम्हा पोरांना कपड्याच्या ब्रशने शिवणी, खिसे, कॉलरच्या मागचा भाग झाडायचं काम. मला ते अत्यंत कंटाळवाणं वाटायचं. खिशाच्या तळाशी काय असणार? शेंगदाण्याची सालं आणि एसटीचं तिकीट. अंडी असतात हे आता कळलं. शिवणीत, कॉलरखाली, खिशाच्या कोपऱ्यात, नेमकं जिथे ब्रश जाणार नाही तिथे. पैठणीची घडी आई दर वेळी मोडून दुसऱ्या रेषेवर घालायची. जर एकाच ठिकाणी मोडून तुटू नये म्हणून, पण त्या निमित्ताने घडीच्या पोटात काय चाललंय तेही दिसायचं.

माझ्या आजोबांचं घोंगडं मात्र या सोहळ्यात कधीच नसायचं. माणदेशातल्या सनगराकडून घेतलेलं, काळंभोर, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं. म्हणजे लोकर आणि पिष्ट दोन्ही, एकाच ताटात दोन पक्वान्नं. तरी त्याला उभ्या जन्मात कसर लागली नाही. ते कधी आत ठेवलंच गेलं नाही. रात्री अंगाखाली, पहाटे खांद्यावर, दुपारी बांधावर अंथरलेलं, संध्याकाळी दोन माणसांनी चार टोकं धरून फटाफट झटकलेलं. बिचाऱ्या अळीला निवांत बसायला जागा कुठे होती?

मोठ्यामोठ्यांची यातून सुटका नाही, एवढंच काय ते समाधान. इंग्लंडात जुने किल्ले आणि हवेल्या सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २०१७ साली पाकोळ्यांविरुद्ध मोहीमच काढली होती. वाड्यांमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना चिकट सापळे फुकट वाटले, घरी लावा आणि किती अडकल्या ते कळवा म्हणून. सापळ्याला मादीचा गंध असतो, त्यामुळे अडकतात ते फक्त नर. सापळा कपडे वाचवत नाही, घरात वस्ती आहे की नाही ते सांगतो. राजवाड्यांतल्या गालिच्यांचे हे हाल, तर माझ्या कपाटाचं काय घेऊन बसलात!

आता स्वेटरचं. ते सांगायचं मी टाळत आले आहे.

बाबा २०१३ च्या पौषात गेले. शेवटच्या आठवड्यात तो स्वेटर त्यांच्या अंगात होता. दिवस झाल्यावर आई म्हणाली, "ह्यांचा स्वेटर धुऊन ठेव गं." मी नाही म्हटलं. त्याला बाबांचा वास होता. मानेपाशी खोबरेल, काखेत घाम, छातीवर सांडलेल्या चहाचा एक जुना डाग. मी म्हटलं, धुतलं तर जाईल सगळं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं, न धुता ठेवलेल्या लोकरीला काय होतं ते. पण ती एवढंच म्हणाली, "बरं. ठेव तसाच." आणि चार कोपऱ्यांना चार पुरचुंड्या बांधल्या.

मैत्रिणीला मी हे काही सांगितलं नव्हतं. ती भिंगातून भोकं बघत आपली बोलत होती. स्वच्छ धुतलेल्या लोकरीवर अळी नीट वाढत नाही. नुसतं केराटिन तिला पुरत नाही, तिला मीठ लागतं, जीवनसत्त्वं लागतात. ती मिळतात घामातून, तेलकटपणातून, सांडलेल्या अन्नातून. "हे बघ ना," ती म्हणाली, "पाठ जवळपास धड आहे. गळा गेला, काखा गेल्या, आणि इथे छातीवर हे एवढं. काहीतरी सांडलेलं असणार इथे."

मी म्हटलं, "चहा."

सगळ्यांवर तिने उपाय सांगितले ते सोपेच होते. कपाट रिकामं करून फटींतून, बिजागऱ्यांमागून धूळ ओढून काढणं. वर्तमानपत्र फेकणं. पैठणीला हात न लावता ती तिच्याकडे देणं. घरटं रिकामं असल्याची खात्री करून ते काढणं, आणि मग जाळी बसवणं. स्वेटर फ्रीजरमध्ये. संग्रहालयांत उणे तीस अंशांवर तीन दिवस ठेवतात. घरचा फ्रीजर सहसा उणे अठराच्या आसपासच असतो, तिथे दोन आठवडे. पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंड पक्कं बंद करायचं, आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, नाही तर गार लोकरीवर दव धरतं. सगळं केलं. सोळा दिवस बाबांचा स्वेटर मटार आणि ओल्या खोबऱ्याच्या शेजारी राहिला. लेक बर्फ काढायला गेली आणि ओरडली, "आई, हे काय!" मी म्हटलं, आजोबा आहेत, राहू दे.

सतराव्या दिवशी पिशवी उघडली आणि कुणी बघत नाहीसं पाहून जे उरलं होतं त्याला नाक लावलं. फ्रीजचा वास आला, थोडा मटारचा. मग रिठे भिजत घातले. कोमट पाण्यात दाबून दाबून धुतला, पिळला नाही, टॉवेलवर आडवा पसरला. ओला असताना तो अंगाला लावून पाहण्याइतका उरला नव्हता. कोपरांची ठिगळं तेवढी टवटवीत.

एवढ्यात एक राहून गेलं. त्या रविवारी मैत्रिणीने कागदावर घेतलेले ते मरून दाणे मी पुडी बांधून कपाटाच्या कडेला ठेवले होते. फेकायचेच होते. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा आमच्या कामाच्या मावशींनी कपाटाचा कोपरान्‌कोपरा पुसला. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देव्हाऱ्यात, करंड्याशेजारी, पुडी. मावशी आतून म्हणाल्या, "ताई, कुंकू बाहेर पडलं होतं बघा, आत ठेवलंय. करंड्यात ओतणार होते, पण म्हटलं तुम्हाला विचारावं."

मी पुडी उचलली. समईची वात सारायची राहिली होती, ती उजव्या हाताने सारली. पुडी डाव्या हातात तशीच होती.